तळाशी पांढरे दाणे

…छे, तिची बक्षिसं नकोस सांगू मला, पोरी. ती सगळी जिन्यात टांगलीत, येताना बघितलीच असशील. एतेल्का संचालक, एतेल्काची स्नायूरोगांची योजना, एतेल्काकडे नऊ देशांतून येणारे रुग्ण — आणि मी? एकाच आठवड्यात कामाला लागलो आम्ही दोघी इथं, सेगेदच्या या प्रयोगशाळेत, टेबलाला टेबल लावून. आता ती निवृत्त होतेय म्हणून तुमचं मासिक विशेषांक काढतंय ना — मग एक गोष्ट लिही, जी तुला दुसरं कुणी सांगणार नाही. तिची चूक. हो, चूक. नोंदवहीत आहे, तिच्याच सहीची. एनिको नावाची आठ वर्षांची मुलगी, तिच्या मांडीतून काढलेला स्नायूचा तुकडा वाया घालवला. गोठवायचा द्रव आधी पुरता गार व्हावा लागतो, तळाशी पांढरे दाणे धरेपर्यंत थांबायचं — त्याआधी तुकडा बुडवला की आत बर्फ धरतो, मग सूक्ष्मदर्शकाखाली नुसती चाळणी. पोरीला दुसऱ्यांदा कापावं लागलं. दाणे धरलेच नव्हते, मग काय होणार?

काय? मला कसं माहीत? — अगं, कळतंच ते — म्हणजे, खोलीत कुणीतरी असणारच ना. माझा नामदिन होता त्या दिवशी. कॅलेंडरात माझ्या नावाचा, गिझेलाचा दिवस, सात मे. पहाटे उठून पोगाचा, त्या छोट्या खाऱ्या पावट्या, भाजून आणल्या होत्या सगळ्यांसाठी, फडक्याखाली झाकून ठेवल्या, आणि अकराला बातमी आली — योजनेची प्रमुख एतेल्का. झालं. सगळे वर पळाले तिचं अभिनंदन करायला, माझ्याच पोगाचा घेऊन. खाली मी एकटी, हातातल्या चिमट्यात एनिकोचा तुकडा. दोनच मिनिटं थांबायचं होतं — नाही थांबले. कुणासाठी थांबू? जळत होते मी, सरळ सांगते.

संध्याकाळी तिनं सूक्ष्मदर्शकाखाली त्या तुकड्याची काच बघितली, मग माझ्याकडे बघितलं. वहीत लिहिलं — चूक माझी. खाली सही. एनिकोच्या आईची माफीसुद्धा स्वतःच जाऊन मागितली. त्या दुसऱ्या तुकड्यात रोग सापडला आणि तिची योजना नावारूपाला आली. ओरडली असती माझ्यावर, तर सुखानं द्वेष केला असता तिचा. या इमारतीत अगदी माझी म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती चूक, तीही तिनं स्वतःच्या नावावर करून घेतली —

तुझं ते आवाज टिपायचं यंत्र चालू होतं का गं?

बंद कर. ती तिसऱ्या मजल्यावर बसते, जा तिकडे. आणि दार ओढून घे.