उद्घाटन झालेली वेबसाइट

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचेही अध्यक्ष आदरणीय अण्णासाहेब, प्राचार्य रामप्रसाद सर, व्यासपीठावरील सन्माननीय संचालक, माझे सहकारी, आणि मागे दाराजवळ उभ्या असलेल्या माझ्या विद्यार्थिनींनो,

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं. आत्ताच अण्णासाहेब म्हणाले, दैवशालाबाईंनी संगणकशास्त्र विभाग जिवापाड सांभाळला, पण खेड्यापाड्यांतून प्रतिसाद मिळाला नाही, म्हणून जड अंतःकरणाने तो बंद करावा लागतोय. विभागासोबत मीही चालले. जाणाऱ्याला दोन शब्द बोलू देतात, ते बोलून घेते. प्रतिसाद खरंच मिळाला नाही का?

यंदा अण्णासाहेबांनी जाहीर केलं की कागदी अर्ज बंद, प्रवेश वेबसाइटवर. सुरुवात संगणकवाल्यांपासून. टाळ्या मीही वाजवल्या. आम्ही एका कंपनीच्या मोठ्या संगणकातला हिस्सा भाड्याने घेतला. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्यावर वेबसाइट बसवली. अशा मशीनची दारं आधी बंदच असतात, कोणाला आत घ्यायचं ते आपण सांगायचं असतं. चाचणीपुरतं मी फक्त कॉलेजच्या इंटरनेटला आत येऊ दिलं. बाकी जगासाठी दार उद्घाटनानंतर उघडायचं ठरलं होतं. ते उघडायला ओटीपी लागतो. आणि आपल्याकडे नळाच्या कनेक्शनपासून सगळंच अध्यक्षांच्या नावावर, तेव्हा ओटीपीसुद्धा अण्णासाहेबांच्याच मोबाईलवर येतो.

उद्घाटन थाटात झालं. लॅबमध्ये नारळ फुटला, माऊसला हळदकुंकू लागलं, अण्णासाहेबांनी क्लिक केलं आणि पान उघडलं. उघडणारच, लॅब कॉलेजातच आहे ना. पेढे वाटून झाल्यावर मी ओटीपी मागितला. अण्णासाहेब म्हणाले, “बाई, बँकवाले घसा फोडून सांगून राह्यले, ओटीपी कोणाला द्यायचा न्हाई. आन् आत्ता माझ्या हातानं उघडली की. सगळ्यांनी पाह्यली.”

मी प्राचार्यांकडे गेले. सर माझ्यावर रागावले नाहीत, हे इथे सांगितलं पाहिजे. ते म्हणाले, “मॅडम, तुमचं बिलकुल बराबर आहे. पण पेपरात फोटो आल्ता. मंग आता उघडलीच न्हाई असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? एकदा झालेलं उद्घाटन पुन्हा करत नसतात.” निदान कागदी अर्ज तरी घ्या, म्हटलं. तेही बंद केल्याचं जाहीर झालेलं. ओटीपीसाठी मी अण्णासाहेबांच्या बंगल्यावर खेटे घातले. तिथला चहा फार छान असतो.

इथल्याच, जाफराबादच्या ज्या मुली लॅबपर्यंत पोचल्या, त्यांचे अर्ज मी समोर बसवून भरून घेतले. दाराजवळ उभ्या आहेत त्या ह्याच. त्यांना आता दुसरं कॉलेज शोधायचंय. पण धावडा गावचे जहांगीरभाई जीपनं आले आणि थेट कार्यालयात गेले. मुलगी ताहेरा बारावीला चांगल्या मार्कांनी पास झालेली. ते आमच्या लिपिकाला, कल्याणला म्हणाले, “पोरगी दिवसभर मोबाईल घिऊन बसून राह्यली. तुमचं ते उघडंच न्हाई. कॉलेज बंद पडलं का काय?” कल्याणनं आपल्या संगणकावर साइट उघडून दाखवली. “हे बघा, चालू हाय. तुमच्याच मोबाईलमधी खराबी आसंल. घरी जाऊन भरा.” कल्याण खोटं बोलला नाही. कार्यालयातही कॉलेजचंच इंटरनेट, त्याला दिसलं ते त्यानं सांगितलं. असे किती जण खिडकीवरून परत गेले, कोणास ठाऊक.

मला हे कळलं तेव्हा मुदत संपली होती. तरी मी धावड्याला गेले. जहांगीरभाईंनी चहा पाजला, तक्रार केली नाही, म्हणाले, “जाऊ द्या मॅडम, आमच्याच मोबाईलची खराबी.” मला फार लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला. तो अजून गेलेला नाही. निघताना ताहेराचा नंबर घेतला, माझा तिला दिला, काही झालं तर कळवीन असं मी सांगितलं.

परवा विद्यापीठाचा निरोप आला, की विभाग बंद केल्याची सूचना वेबसाइटवर सर्वांना दिसली पाहिजे. तेव्हा काय झालं असेल? मी मागण्याआधी अण्णासाहेबांचाच फोन आला. “बाई, जल्दी लिहून घ्या, ओटीपी आलाय.” आकडे त्यांनी दोनदा वाचून दाखवले. मी दार सर्वांसाठी उघडलं. अवघ्या काही मिनिटांचं काम.

आज सकाळी ताहेराचा मेसेज आला. “मॅडम, उघडली साइट. फॉर्म कुठं भरायचा?”

अण्णासाहेब, तिचा नंबर मी आपल्यासमोर ठेवून जाते, उत्तर आपण द्यावं.

आपण सर्वांनी मला इथवर बोलू दिलंत, मनापासून आभार. बोलण्याच्या भरात मोठ्यांचा मान राखायचा राहिला असेल, तर मला धाकटी समजून क्षमा करा. ताहेराची क्षमा मात्र ज्याची त्याने धावड्याला जाऊन मागावी.