घोडीची पसंती

गॅरेजच्या बाकावर आपली गाडी दुरुस्त व्हायची वाट पाहत मास्तरीणबाई बसल्या होत्या. समोर घोडे न्यायला फेरबदल केलेल्या दोन व्हॅन उभ्या, एक नवी, एक जुनाट. शर्यतीच्या घोडीचा दोर धरून एक काका आपल्या पुतणीशी बोलत होते.

“ही नवीच घेऊ. कशी चकाचक आहे.”

“काका, हिच्या चढायच्या फळीला पत्रा आहे. टाप वाजली की घोडी बिचकते. चढत नाही म्हणून दोन शर्यती हुकल्या, उद्याचीही हुकवायची?”

“म्हणून हा खटारा?”

“खटाऱ्याच्या फळीवर रबर आहे. देवाचं नाव घ्या आणि दोर सोडा.”

“पळाली तर?”

“सोडा हो.”

“अगं... चढली की. आपल्या पायांनी.”

“बघा.”

“उद्या जिंकली तर सांगेन, गाडी मीच निवडली.”

“खुशाल सांगा. घोडी काही चहाडी करायची नाही.”

मास्तरीणबाईंनी बाकावरूनच हसत पुतणीला हात जोडले.