बरोबरी नको

बायको: नाही. मघाशी विचारलंत तेव्हा नाही म्हटलं, आत्ताही नाहीच.

नवरा: मी विचारलं कुठे? मी एवढंच म्हटलं की दहाएक चाली खेळू, हात मिळवू आणि जेवायला घरी येऊ.

बायको: म्हणजे विचारलंतच की. तो टोस्ट उलटा आधी, जळतोय.

नवरा: अगं, पण इतकी वर्षं आपण असंच करत आलोय ना? बुद्धिबळ क्लबच्या स्पर्धेत आपली गाठ पडली की बरोबरी. कुणाला वाईट वाटत नाही, कुणी दुखावलं जात नाही.

बायको: आणि कुणी खेळतही नाही. क्लबात काय म्हणतात ठाऊक आहे? परवा त्या दोन पेन्शनर आजोबांचा डाव रंगेना, तर एक दुसऱ्याला म्हणाला, ‘काय, नवरा-बायको करून टाकायचं का?’ मी शेजारच्याच टेबलाशी बसले होते.

नवरा: गंमत करतात गं.

बायको: मला नाही त्यात गंमत वाटत.

नवरा: हे बघ, डोकं शांत ठेवून विचार कर. शेवटची फेरी आहे. मी तुझ्यापेक्षा अर्ध्या गुणाने पुढे आहे. बरोबरी झाली की मी विजेता, तू दुसरी. पहिला आणि दुसरा, दोन्ही नंबर एकाच घरात. आणखी काय हवं?

बायको: पहिला.

नवरा: पहिला काय?

बायको: नंबर. मी जिंकले तर अर्ध्या गुणाने मी पुढे जाते. एवढी बेरीज मलाही येते.

नवरा: हे सगळं त्या पोरामुळे.

बायको: आता कोणतं पोर?

नवरा: तुझा तो ग्रँडमास्टर. धड मिसरूड फुटलेलं नाही. वर्षभर या घरात मी दुसरं काही ऐकलेलं नाही. चहा गाळतेस, फोन डब्याला टेकवलेला, आणि त्यावर त्याचा डाव. इस्त्री करतेस, त्याचा डाव. माझा निळा शर्ट गेला त्याच्या एका घोड्यापायी.

बायको: शर्टाचं सोडा. आपला भारतीय पोरगा आहे, भल्याभल्यांच्या राजावर बेधडक चालून जातो, सगळं जग त्याचे डाव समोर ठेवून शिकतंय. मी शिकले तर तुमचं काय बिघडलं?

नवरा: तो चालून जातो कारण त्याला पुढचं दिसतं. तुला दिसत नाही. गेल्या हिवाळ्यात काय झालं आठव. हत्ती दे, उंट दे, नुसता दानधर्म! एक डाव जिंकली नाहीस.

बायको: नाही जिंकले. कारण तेव्हा मला वाटायचं, हल्ला म्हणजे मारत सुटायचं. शह दिसला की दे शह. मग नीट बघितलं तर कळलं, तो तसं करतच नाही मुळी. तो आधी एकेकाला बोलावून घेतो. घोडा इथे ये, हत्ती तू तिथे थांब. सगळे जमले की मग वार. आणि ऐन मारामारीत, जिथे तुम्ही-आम्ही हपापल्यासारखा शह देऊ ना, तिथे तो गुपचूप एक प्यादं सरकवतो. बघणाऱ्याला वाटतं, हे काय भलतंच! आणि मग लक्षात येतं की समोरच्याला पळायला जागाच राहिलेली नाही.

नवरा: मला नको शिकवूस. तुला सोंगट्या मांडायला मी शिकवलं.

बायको: शिकवलंत की. ‘आधी राजा झाक. मग प्यादी झाक. मग उरेल ते झाक.’ इतकं झाकलं की खेळायला काही उघडं राहिलंच नाही.

नवरा: अगं, मी लिफ्ट तपासतो. एक दोर तुटला तर दुसरा हवा. दुसरा तुटला तर ब्रेक लागायला हवा. जन्मभर हेच केलं की माणूस तसाच होणार ना?

बायको: पटावर कुणी मजल्यांच्या मध्ये लोंबकळत नाही हो! मी दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते. दुखतं दुखतं करत वाकवलाच नाही तर तो गुडघा तसाच आखडून बसतो, मग कोणी फिजिओथेरपिस्ट येऊ दे. तुमच्या खेळाचं तेच झालंय.

नवरा: याच आखडलेल्या खेळाने मी दरवर्षी दुसरा येतो.

बायको: मी वेगळं काय म्हणतेय?

नवरा: हे लागलं मला.

बायको: लागू दे. चहा घ्या.

नवरा: एक सांगू का? हसू नकोस. क्लबात भिंतीवर ती लाकडी पाटी आहे ना, विजेत्यांच्या नावांची? त्या पाटीखाली बसून मी इतके डाव खेळलोय. आता चार तास बसलं की पाठ धरते. डोळ्यांत पाणी येतं. पुढच्या वर्षी जमेल की नाही, कोण जाणे. एकदाच नाव लागावं एवढंच वाटतं.

बायको: हसत नाहीये मी. लागू दे ना नाव. जिंकून लावा.

नवरा: तुला हरवून?

बायको: मला हरवून. मी काय काचेची आहे?

नवरा: आणि तूच जिंकलीस तर? भर क्लबात बायकोकडून…

बायको: पूर्ण करा वाक्य.

नवरा: काही नाही.

बायको: नाही, करा ना. बायकोकडून काय?

नवरा: अगं, तसं नाही. संसार बरोबरीतच चालतो, एवढंच म्हणत होतो.

बायको: संसार बरोबरीत? मग वाळत घातलेले कपडे आजवर कुणी काढले? माझ्या आठवणीत तरी तुमचा हात त्या दोरीला लागलेला नाही.

नवरा: विषय कुठून कुठे नेतेस!

बायको: तुम्हीच नेलात. मला एक सांगा, एवढ्या वर्षांत कधी विचारलंत मला, की बाई गं, तुला हवी आहे का बरोबरी?

नवरा: तू कधी नको म्हणाली नाहीस.

बायको: आज म्हणतेय. उठा, चष्मा घ्या, पाठीला लावायची उशी घ्या. उशीर झाला तर घड्याळही माझं पळेल आणि बोलणीही मीच खाईन.

(क्लबाच्या दारात.)

सेक्रेटरी: या, या! आले आमचे राजा-राणी! चला, क्लबाला शोभा आली. साहेब, आत जायच्या आधी एक मिनिट इकडे. वहिनी, तुम्हीही या, घरचाच मामला आहे. तो चषक आणलाय. दुकानदार म्हणाला, नाव आत्ताच कोरून घ्या, नंतर आठवडा जाईल. म्हटलं, घ्या कोरून! बघा, कसं दिसतंय?

नवरा: हे माझं नाव आहे.

सेक्रेटरी: मग आणखी कुणाचं असणार?

बायको: डाव व्हायचाय अजून.

सेक्रेटरी: अहो वहिनी, नवरा-बायकोचा डाव तो! खुर्ची गरम व्हायच्या आत संपतो. आणि समजा खेळलात, तरी… म्हणजे तुमचा तो नवीन हल्ल्याचा खेळ, मजा येते बघायला, नाही असं नाही. पण शेवटी साहेब ते साहेब. नाही का हो साहेब?

नवरा: या वर्षी हिचे किती डाव बघितलेत तुम्ही?

सेक्रेटरी: बघतो की! येता-जाता बघतो.

नवरा: येता-जाता. मी शेजारी बसून बघतो. काल मला झोप नाही. हिचा घोडा कुठून आत शिरेल, या विचारात कूस बदलत पडलो होतो. मला डोळा लागेना आणि तुम्ही नाव कोरून मोकळे?

सेक्रेटरी: अहो, चिडता काय? तुमचंच तर नाव आहे!

नवरा: म्हणूनच चिडलोय! कोणी सांगितलं होतं? न खेळता मिळालेला चषक घरी नेऊन कुठे ठेवू? कपाटावर ठेवला तर रोज ही बघणार, आतल्या बाजूला ठेवला तर रोज मला आठवणार.

सेक्रेटरी: वहिनी, तुम्ही तरी समजवा यांना.

बायको: मी कशाला? पहिल्यांदाच बरं बोलतायत.

नवरा: बरोबरी-बिरोबरी काही होणार नाही. आम्ही खेळणार आहोत. शेवटपर्यंत.

बायको: हे कधी ठरलं?

नवरा: आत्ता.

बायको: माझ्यासाठी ठरवलंत की यांच्यावर वैतागून?

नवरा: आता त्यातही खोट काढू नकोस. बस. पांढऱ्या सोंगट्या तुझ्या आहेत.

(दुपार कलली आहे. डाव संपला आहे. पटाभोवतीची गर्दी पांगली, तरी दोघं जागेवरच बसून आहेत. सेक्रेटरी शेजारी उभा आहे.)

बायको: वजीर दिलात तुम्ही.

नवरा: दिला.

बायको: तुम्ही! फुकटचं प्यादं समोर आलं तरी त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करणारे तुम्ही. आणि वजीर दिलात!

नवरा: दुसरं करणार काय? तू माझ्या राजाच्या दारात उंटाचा बळी दिलास. मला वाटलं, आता ही शहांचा पाऊस पाडणार. तसं केलं असतंस तर कुठे कुठे पळायचं ते माझं ठरलेलं होतं. तू शह दिलाच नाहीस. ते कडेचं प्यादं एक घर पुढे ढकललंस आणि हाताची घडी घालून बसलीस. मला दरदरून घाम फुटला.

सेक्रेटरी: खरं सांगू का, आम्हाला वाटलं, वहिनी तिथे चुकल्या.

नवरा: तुम्हाला वाटणारच. ती या खोलीत आजवर झालेली सगळ्यात चांगली चाल होती.

बायको: चांगली काय कपाळाची! हरले ना मी? तुम्ही राजा कोपऱ्यात सरकवला असतात की मात होती. सगळी बघून ठेवली होती मी. आणि तुम्ही कोपराच धरणार याची मला खात्री होती. आयुष्यभर तुम्ही कोपराच धरलात!

नवरा: राजा उचलला होता गं मी मनातल्या मनात. हातही पुढे केला होता. तेवढ्यात ती मात मलाही दिसली. झाकला तर मरतो, हे असं मी कधी बघितलंच नव्हतं. झाकलं की वाचतं, एवढंच मला ठाऊक. मग डोळे मिटून वजीर दिला, तुझा हत्ती आणि घोडा घेतला, आणि राजाला घेऊन सरळ मैदानात आलो.

बायको: आणि माझे सगळे वीर तिकडे रिकाम्या कोपऱ्याला वेढा घालून बसलेले! माझ्या राजापाशी एक प्यादं नाही. सगळं बिऱ्हाड गावाला गेलं आणि दाराला कुलूप घालायचं राहिलं.

नवरा: तो पोरगा अशा वेळी काय करतो?

बायको: एक हत्ती घरी ठेवतो. माहीत होतं मला! त्याच्या डावांत किती वेळा बघितलंय. पण समोर तुमचा राजा उघडा दिसला आणि भान राहिलं नाही. शी! इतकी कशी मी हावरट!

सेक्रेटरी: वहिनी, जाऊ द्या हो. खेळ आहे. हार-जीत चालायचीच.

बायको: तुम्ही जरा पाणी प्या बरं, तिकडे जाऊन.

नवरा: माझ्यावर चिडलीस?

बायको: तुमच्यावर, माझ्यावर, त्या हत्तीवर. इतकं वाईट मला एकाही बरोबरीत वाटलं नव्हतं.

नवरा: आणि मी बघ. जिंकून एवढा वेळ झाला, अजून खुर्चीतून उठायचं सुचत नाहीये.

बायको: गोड खा काहीतरी. बीपीची गोळी घेतली होतीत ना सकाळी?

नवरा: घेतली. एक सांगू? तू उंटाचा बळी दिलास ना, तेव्हा बरोबरी अगदी ओठांवर आली होती. मागणारच होतो.

बायको: मग मागितली का नाहीत? दिली नसती मी, ती गोष्ट वेगळी.

नवरा: तू मान वर करून माझ्याकडे बघितलंस. तो चेहरा बघून हिंमतच झाली नाही.

बायको: कसा होता चेहरा?

नवरा: मी ओळखत नसलेल्या माणसाचा. दुसऱ्या गावाहून कोणीतरी खेळायला आलंय आणि त्याला माझं काही देणंघेणं नाही, असा. मला भीती वाटली, खरंच. आणि बरंही वाटलं. का ते विचारू नकोस, मला सांगता येणार नाही.

बायको: नाही विचारत. चाली लिहिलेला कागद द्या तुमचा. तो हत्ती मागे ठेवला असता तर काय झालं असतं, ते मला आज बघायचंय.

नवरा: अगं, आजच? पाठ मोडलीय माझी.

बायको: तुम्ही आडवे व्हा. मी बघते.

सेक्रेटरी: साहेब, वहिनी, उठा, उठा! फोटो राहिला. इकडे या, खिडकीपाशी, उजेड आहे. हं, साहेब, चषक जरा वर धरा. वहिनी, तुम्हीही एक हात लावा त्याला.

बायको: मी कशाला लावू? त्यांचा आहे तो.

सेक्रेटरी: बरं, बरं, नका लावू. शेजारी तरी उभ्या राहा. अहो वहिनी, असं काय? जरा हसा बघू! साहेब, सांगा ना हो त्यांना हसायला.

नवरा: नको. असाच काढा. खेळून हरलीय ती.