डाव्या भिंतीवरचे मोजे

नाही ताई, रबरी हातमोजे नाही ठेवत आता — खिळे, कुलपं, करवती, काय हवं ते मागा, मोजे सोडून. ती डावी भिंत? मोकळीच ठेवलीय, मुद्दाम. का म्हणजे — थांबा, गंमत दाखवतो. माझ्या नाकाकडे बघायचं, मान हलवायची नाही. डावीकडे ह्या फळीवर टांगलंय ते काय? कुलूप — बरोबर. आता कुलूप काढून तिथे दुसरंच काही टांगलं, त्याच्या एका अंगाला पक्कड लावली, दुसऱ्या अंगाला बिजागरी. मधलं काय? बघा, अडलात. काहीतरी आहे एवढं कळतं, काय ते कळत नाही. डोळे शाबूत आहेत हो तुमचे — कडेच्या नजरेत दाटी झाली की मेंदू सगळं एकात कालवून टाकतो, डोळ्यांच्या डॉक्टरांनी नीट समजावलं मला. आणि मी, चाळीस वर्षं मिरवत होतो — गिऱ्हाइकाशी बोलता बोलता कोपऱ्यातला चोर टिपतो म्हणून. एकाने छत्रीत करवत सरकवली, मी मानही न वळवता म्हटलं, काका, पावसात गंजेल हो ती. अख्खं दुकान हसलं.

तोच किस्सा त्या दिवशी रंगवत होतो, इथेच उभा राहून. आमची ही त्या भिंतीशी खालचे खण पुसत होती — हातात दुकानातलाच पिवळा मोजा, गिऱ्हाईक बघतं आणि घेतं म्हणायची. डोक्यावर तसलेच शंभरेक टांगलेले, पंख्याने हलणारे. तिला झटका आला, वाचा गेली, खोक्यांच्या आड बसली ती बसलीच — हात तेवढा वर केला, त्या मोज्यांत. किस्सा संपवून, गिऱ्हाईक वाटेला लावून गेलो, तोवर हात खाली आला होता. तिसऱ्या दिवशी गेली. मुलीला सांगितलं, मी पाठमोरा होतो. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, शेठ, एवढ्या दाटीत ओळखू येणं शक्यच नव्हतं. बरं वाटलं ऐकून.

पण त्यांना तरी सगळं कुठे सांगितलं — मोजे मनगटाकडून अडकवतात ताई, बोटं खाली लोंबतात. त्यातल्या एकाची वर होती. ती दिसली मला, चांगली दिसली. वाटलं, हिने एक उलटा टांगलाय — किस्सा संपला की सरळ करू.

मोजे ना — पुढच्या वळणावर मिळतील. निघा तुम्ही.