लॅपटॉप मला ओळखत नाही

सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती, रविवार, अकराला माझी परीक्षा, केस विंचरलेले, पाण्याची बाटली भरून शेजारी ठेवलेली, दाराला आतून कडी, आणि तो लॅपटॉप मला म्हणतो काय, तर 'आम्ही तुम्हाला ओळखलं नाही'! मला! जिनं त्याला पुसायला जुन्या ओढणीचं मऊ फडकं शिवलं, कडेला दोरा घालून, तिला! अहो, कालपर्यंत समोर बसायचा अवकाश, की पटकन उघडायचा. मी ह्यांना म्हणायचेसुद्धा, 'बघा, तुम्हाला हाका मारून घसा सुकतो, आणि हा नुसतं तोंड बघून उठतो.' आणि ऐन परीक्षेच्या दिवशी हे! मी चष्मा काढला, चष्मा घातला, पदर नीट केला, दिवा लावला, हसले, गंभीर झाले... ओळखलं नाही. मी त्याला म्हटलं, 'अरे, मीच आहे!' आता लॅपटॉपला असं सांगून काय होतंय?

तुम्ही म्हणाल, सातवी शिकलेल्या बाईला लॅपटॉप हवा कशाला. आमच्या सासूबाईंनीही हेच विचारलं, फक्त जरा मोठ्या आवाजात. तर तुम्हाला सांगते, मी एका दवाखान्यात फरशी पुसते. तिथे पुढच्या टेबलाशी ज्या बाई बसतात, पेशंटची नावं लिहितात, 'ओ, रांगेत या' म्हणतात, त्या आता काम सोडणार. आणि डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, 'तुझं अक्षर चांगलं आहे, आवाज तर त्याहून चांगला आहे. दहावीच्या वर्गाला प्रवेश मिळाल्याचं दाखव, खुर्ची तुझी.' दहावी झालेलीसुद्धा नको, नुसता प्रवेश! त्या खुर्चीखालची फरशी मी इतकी पुसलीय, की तिचे चारही पाय मला तोंडपाठ आहेत. आता एकदा वरून बसून बघायचंय, एवढंच. मागणं फार आहे का हो?

तर हा घरबसल्या दहावीचा वर्ग. अभ्यास लॅपटॉपवर, प्रवेशाची परीक्षाही लॅपटॉपवर. म्हणून आम्ही दुकानात गेलो. आम्ही म्हणजे मी आणि गोट्या. गोट्या आमचा दीड वर्षाचा, खाली ठेवला की दुकान मोडेल, म्हणून मांडीवर. दुकानदार म्हणाला, 'ताई, आधी एक नंबर ठरवा. हा तुमच्या लॅपटॉपचा गुप्त नंबर. जन्मतारीख नको, फोनचा नंबर नको, कुणालाही ओळखता येईल असं काही नको. कुठे लिहू नका आणि कुणाला सांगू नका.' मला आधीच भीती. लॅपटॉप चोरीला गेला तर? त्या चोरानं माझा अभ्यास केला तर? मी असा नंबर ठेवला, असा नंबर ठेवला, की ज्याला काही अर्थच नाही! कुणाच्या बापाला ओळखता येणार नाही. लिहिला नाही, ह्यांनाही सांगितला नाही. सांगितलं तस्संच केलं हो मी!

मग तो म्हणाला, 'आता चेहरा. म्हणजे रोज नंबर टाकायला नको, तुमचं तोंड बघून उघडेल. कॅमेऱ्यासमोर बसा, हलू नका.' आणि गेला दुसऱ्या गिऱ्हाइकाला वायर दाखवायला. मी बसले. हलले नाही. श्वाससुद्धा बेतानं घेतला. पडद्यावर एक गोल आला असणार, फिरला असणार, मी बघितलं तेव्हा खाली बरोबरची खूण होती. 'झालं का, ताई?' 'झालं.' आता त्या गोलात कोण होतं? तुम्हाला कळलं ना? तुम्ही हुशार आहात. मला नाही कळलं. तो 'हलू नका' म्हणाल्यावर मी डोळे मिटून बसले होते. दातांच्या डॉक्टरकडे बसतात तशी! आणि गोट्या मांडीवर, तोंड वर, डोळे टक्क उघडे, आयुष्यात पहिल्यांदा न हलता...

म्हणजे इतके दिवस तो लॅपटॉप गोट्याला ओळखत होता! मी अभ्यासाला बसायचे, हा मांडीवर यायचा, लॅपटॉप उघडायचा. मला वाटायचं मी आले म्हणून उठला. आणि परीक्षेचा नियम काय, तर खोलीत दुसरी व्यक्ती नको, कॅमेऱ्यात दिसली तर पेपर बंद. म्हणून मी त्या दिवशी गोट्याला सासूबाईंच्या कडेवर दिलं, बाहेर काढलं, कडी लावली. सांगितलं तस्संच केलं हो मी! आणि लॅपटॉप म्हणतो, तुम्ही कोण?

बरं, नंबर टाकावा, तर नंबर आठवेना! कसा आठवेल? त्याला अर्थच ठेवला नव्हता ना! मी सहा टाकून बघितला, नऊ टाकून बघितला, उलटा टाकून बघितला. तो म्हणाला, 'फार वेळा चुकलात, थोडा वेळ थांबा.' मी दवाखान्यात एवढ्या लोकांना थांबताना बघते, पण असा जीव कधी गेला नाही. शेवटी मी दार उघडून ओरडले, 'आई, असं काय झालंय बघा ना!' सासूबाई आल्या, कडेवरचा गोट्या वाकला, पडद्याकडे बघून 'दा' म्हणाला... आणि लॅपटॉप उघडला! वर लिहिलेलं, स्वागत आहे, आणि पुढे माझं नाव!

सासूबाई म्हणाल्या, 'अगं, हा तर ह्याला मालक समजतो.' मग गप्प राहवेल तर सासूबाई कसल्या, लगेच म्हणाल्या, 'घरात सगळेच समजतात, त्यानं तरी का मागे राहावं?'

असो. पेपर सुरू झाला. गोट्या बाहेर, कडी लावलेली. पहिले प्रश्न सोपे होते, खोटं कशाला बोलू, मला तर रडू यायला लागलं आनंदानं. मग आलं ते गणित. टाकीला दोन नळ, एकातून पाणी येतंय, दुसऱ्यातून जातंय, टाकी कधी भरेल? आता मला सांगा, जाणारा नळ आधी बंद करावा की नाही माणसानं? पाणी काय फुकट आहे? मी विचार करत बसले. कोण असेल हा माणूस, घरात बाई आहे की नाही... आणि एवढ्यात पडदा काळा! लॅपटॉप झोपला! मी कळ दाबली, तर तेच. ओळखलं नाही.

'आई! गोट्याला आणा! पळा!'

आता गोट्या कुठे? न्हाणीघरात! सासूबाईंनी म्हटलं, परीक्षा आहे तोवर पोराची आंघोळ उरकावी. आल्या धावत, गोट्या उघडाबंब, डोक्याला साबण, तोंडाला साबण, आणि भोकाड! धरला लॅपटॉपसमोर. ओळखलं नाही. साबण पुसला. ओळखलं नाही. आमचे हे धावत आले, म्हणाले, 'अगं, रडका चेहरा कसा ओळखेल? दुकानात हा रडत होता का?' नव्हता. मग ह्यांनी स्वयंपाकघरातून ताटली आणि डाव आणला आणि वाजवायला लागले. सासूबाई टाळ्या वाजवतायत, मी 'हस ना रे माझ्या राजा, आईची खुर्ची जाईल रे' म्हणतेय, आणि गोट्या बघतोय आमच्याकडे, ह्यांना झालंय तरी काय अशा नजरेनं. शेवटी हसला एकदाचा! लॅपटॉप उघडला. आणि त्याबरोबर परीक्षेचा कॅमेराही उघडला.

कॅमेऱ्यात काय दिसलं असेल, मनात आणा. मी, गोट्याच्या साबणानं भिजलेली. सासूबाई, टाळ्या वाजवताना. हे, बनियनवर, हातात डाव. आणि मध्ये गोट्या, काहीच न घालता. लगेच पडद्यावर अक्षरं आली: 'खोलीत अन्य व्यक्ती आढळल्या. पेपर बंद करण्यात येत आहे.'

मी परीक्षेच्या मॅडमना फोन लावला. आवाज कसा, तर थंडगार.

'खोलीत कोण होतं?'

'मॅडम, सगळे घरचेच होते हो, परकं कुणी नव्हतं!'

'उत्तरं कोण सांगत होतं?'

'कुणी नाही. मुलाला हसवत होतो.'

'परीक्षा चालू असताना?'

'त्याच्याशिवाय माझा लॅपटॉप उघडत नाही, मॅडम.'

मग मॅडम म्हणाल्या, 'बाई, मी इतकी वर्षं परीक्षा घेतेय, आजी आजारी असल्याचं ऐकलंय, वीज गेल्याचं ऐकलंय, हे नाही ऐकलं.' पण माणूस चांगलं हो! म्हणाल्या, 'पुढच्या रविवारी शेवटची संधी देते. लॅपटॉप आधी उघडून ठेवा. झोपू देऊ नका. मुलगा स्वच्छ, शांत, हसरा ठेवा, आणि उघडला की त्याला बाहेर पाठवा.'

लॅपटॉपला माझा चेहरा नव्यानं शिकवावा, तर त्यालाही आधी तोच नंबर लागतो! मग मी तो सगळा आठवडा गोट्याला जपलं म्हणून सांगू! फुलासारखं. पडू दिला नाही, रडू दिला नाही, हातातलं काही काढून घेतलं नाही. माझा चष्मासुद्धा चावू दिला. शिवाय घरात सगळ्यांना सांगून ठेवलं, रविवारसाठी त्याचा चेहरा नीट दिसला पाहिजे हं, नीट. आणि सासूबाईंनी ते मनावर घेतलं! मी दवाखान्यातून आले, तर गोट्या दारात उभा, आणि डोकं... डोकं कातरलेलं! सगळं! कपाळ केवढं मोठं, कान केवढे बाहेर! सासूबाई कात्री पुसत म्हणाल्या, 'डोळ्यांवर येत होते केस. त्या यंत्राला बिचाऱ्याला दिसत नसेल.' आणि गोट्या माझ्याकडे बघून हसला, तर वर दोन नवे दात!

लॅपटॉपसमोर धरला. ओळखलं नाही.

ताटली वाजवली, डाव वाजवला. ओळखलं नाही. ह्यांनी फोनमधला जुना फोटो दाखवला, तर तो म्हणे जिवंत माणूस लागतो. लॅपटॉप दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, 'ताई, नंबर विसरलात तर ईमेलवर निरोप येतो, तिथून बदलता येतो.' म्हटलं, ईमेलचा पासवर्ड त्या लॅपटॉपलाच ठाऊक, मी कुठे उघडू? म्हणाला, 'लॅपटॉपवर.' मग म्हणाला, 'नाहीतर सगळं पुसून नव्यासारखा करून देतो.' मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, 'पुसू नका! तुमची परीक्षेची परवानगी त्याच लॅपटॉपला जोडलेली आहे. पुसला की अर्ज रद्द, मग पुढच्या वर्षी.' पुढच्या वर्षापर्यंत खुर्ची रिकामी राहते का हो? मी दुकानदाराला म्हटलं, तुम्ही हलू नका म्हणालात, मी हलले नाही. तुम्ही लिहू नका म्हणालात, मी लिहिलं नाही. सांगितलं तस्संच केलं हो मी! तो बिचारा म्हणतो, 'ताई, इतकं ऐकणारं गिऱ्हाईक मला कधी मिळालंच नाही.'

आज शनिवार. परीक्षा उद्या. हे पलंगावर बसून गोट्याला जुनी टोपी घालून बघतायत. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत, कारण मी त्यांच्याशी बोलत नाही. आणि पोराचे दात काही परत आत जाणार नाहीत, मुलं वाढतात, त्याला मी काय करू? आई आहे, आनंदच व्हायला हवा. होतोय. पण सोमवारी व्हावा, असं वाटतंय.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगायचं, जाताना जरा चार जणांच्या कानावर घाला. कुणाच्या घरी दीड वर्षाचं बाळ असेल, केस कपाळावर आलेले, गाल भरलेले, दात फक्त खालचे दोन, आणि आमच्या गोट्यासारखं दिसत असेल, तर उद्या साडेदहापर्यंत पाठवून द्या म्हणावं. जास्त वेळ नको... नुसतं एकदा तोंड दाखवून जाऊ दे.