सुमनच्या शिक्षेला माझी सही

म्हातारा उगंच भांडतो म्हणता ना? मग माझं कसं फसलं तेबी ऐका.

शिक्रापुरात माझ्या खोलीत बिहारचं एक कुटुंब भाड्यानं राहतं. त्यांची सुमन सात वर्षांची झाली तरी शाळेत नव्हती. तिचं नाव घालायला दोन संस्था एकत्र आल्या. दौंडची संस्था हिंदी लोकांशी बोलणार, शिरूरची शाळेचं बघणार. पोरगी इथंच राहते असं मी लिहून द्यायचं हुतं, त्याबिगर शाळा घेईना. दोघींनी मिळून माझ्याकडं यायचं ठरलेलं, पण शिरूरच्या बाई ट्रकांच्या गर्दीत अडकल्या. दौंडच्या मॅडम एकट्याच आल्या आन् कागद पुढं करून म्हणाल्या, "बाबा, साइन कर दीजिए. इस बच्ची को शिक्षा देनी है."

मी म्हणलं, "शिक्षा? काय गुन्हा केला लेकरानं?"

"गुनाह नहीं बाबा! शिक्षा तो हर बच्चे को मिलनी चाहिए."

"सगळ्यांनाच? निघा आधी हितनं!"

कागद मी परत त्यांच्या हातात कोंबला. सुमनची आई रडायला लागली.

तेवढ्यात शिरूरच्या बाई धापा टाकत आल्या. सगळं ऐकून हसत सुटल्या. "आबा, हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण!"

मी कागद मागून घेतला आन् सही ठोकली. म्हणलं, "अस्सं! म्हंजी आमच्या मास्तरांचं हिंदी लई पक्कं हुतं. म्हणून तर मी दुसरीतनंच पळालो."