टेबलाखालचे तीन दिवस

गुडघ्याच्या डॉक्टरांकडे आजीचा नंबर सतरावा होता आणि कान रिकामेच होते. शेजारी एक शिंपीणबाई आणि एक निवृत्त सरकारी कारकून बोलायला लागले, तशी तिने झोपेचं सोंग घेतलं.

“काका, हे सरकारी पत्रक म्हणतंय, ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी चालाल. आज हो म्हणू की नको?”

“सरकारी कागदावर विश्वास ठेवू नका, ताई.”

“एकदा ठेवला होता. अणुबॉम्बचं पत्रक आलं होतं बघा, भोंगा वाजला की टेबलाखाली बसा, तीन दिवस बाहेर येऊ नका. सरावाचा भोंगा वाजला आणि मी सासूबाईंना घेऊन तीन दिवस बसले. बॉम्ब परवडला असता.”

“ते मीच लिहिलं होतं.”

“तुम्ही?”

“साहेब म्हणाले, लोक घाबरलेत, काहीतरी लिहा. समोर टेबल होतं, टेबल लिहिलं.”

“आणि तीन दिवस?”

“मला तेवढीच रजा हवी होती. तोवर कुणी विचारायला यायला नको.”

“अहो, माझे गुडघे गेले त्यात.”

“माझेही त्यातच गेले.”

“तुम्ही कशाला बसलात? तुम्हाला तर माहीत होतं.”

“छापून आलं तेव्हा त्यावर शिक्का होता. म्हटलं, वरच्यांनी तपासलं असेल.”

“मग या ऑपरेशनचं काय करू?”

“मी तर सकाळीच सही केली.”

“विश्वास ठेवू नका म्हणालात ना?”

“नकाच ठेवू. पण शिक्का आहे हो त्यावर.”

आजीने हळूच एक डोळा उघडला आणि आपल्या पत्रकावर शिक्का आहे ना, ते पाहून घेतलं.